डॉक्टरांनी सांगितलेला खेकडा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर उभी हयात काढलेल्या जोतीराम लोंढेची डॉक्टरांविषयी एकच तक्रार होती. हत्तुरे डॉक्टर त्याच्याशी बोलत नाहीत, त्याच्या बायकोशी बोलतात.

तक्रार खरी होती. बीपी तपासायला नवराबायको जोडीनं दवाखान्यात जायची. जोतीराम डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसायचा, शालन बाजूच्या बाकड्यावर. डॉक्टर जोतीरामकडं बघून काहीतरी विचारायचे आणि उत्तर बाकड्यावरनं यायचं.

"झोपेचं इचारू नगा, रातभर घोरत्यात. जेवताना मीठ वरनं घेत्यात, ते तेवढं सांगा त्यांना. परसाकडंला साफ हुतंय, पर पायावर जरा सूज वाटाय लागलीया."

डॉक्टर मान हलवायचे, लिहायचे आणि पुढचं सगळं शालनला समजावून सांगायचे. जोतीरामच्या वाट्याला फक्त दंडाला गुंडाळलेला पट्टा यायचा.

"बाजारात बैलाला कोण इचारतंय व्हय?" परतताना तो म्हणायचा. "दात बैलाचं बघायचं आन् बोलायचं मालकाशी."

"मग बैलानं तोंड उघडावं की," शालन म्हणायची.

तोंड तो उघडायचा, पण त्यातनं एकच शब्द बाहेर पडायचा. व्हय. गोळ्या वेळेवर घेता का? व्हय. चक्कर येते का? व्हय. चक्कर येत नाही ना? व्हय. हत्तुरे डॉक्टरांना हा पेशंट फार आवडायचा, कारण सांगितलेलं सगळं मुकाट्यानं मान्य करणारा त्यांच्या दवाखान्यात दुसरा कुणी नव्हता.

डॉक्टर महेश्वर हत्तुरे माणूस सज्जन. औषध बेताचं द्यायचे, सुई टाळायचे आणि अतिशय हळू बोलायचे. इतकं हळू, की त्यांच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ जास्त मोठ्यानं बोलतंय असं वाटावं. शाळामास्तर, बँकेतली माणसं, एलआयसीवाले त्यांच्यावर खूश असत. 'किती शांतपणे समजावून सांगतात,' असं म्हणत. दवाखान्यात आवाजाची जी तूट पडायची ती बाहेर नंबर पुकारणारी सिद्धम्मा भरून काढायची. ती अक्कलकोटाकडची. नंबर मराठीत पुकारायची आणि दोनदा पुकारून माणूस उठला नाही तर कन्नडवर यायची. शालन सोडली तर जोतीरामला दवाखान्यात ऐकू यायची ती एवढी एकच बाई.

कारण उघड होतं, पण ते कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. ज्या शेडमध्ये जोतीरामनं नोकरी काढली, तिथं शेकडो माग एका वेळी खडखडायचे. त्या आवाजात शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी उपयोग नसायचा. त्यामुळं सगळा कारभार हातवाऱ्यांवर. पोटावरनं गोल हात फिरवला की शेठ आला. दोन बोटं कातरीसारखी हलवली की सूत तुटलं. जोतीराम या भाषेतला पंडित होता. शेडच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाशी मुलीच्या लग्नाची बोलणी त्यानं केली होती आणि लग्न नीट पार पडून मुलगी नातेपुत्याला सुखानं नांदत होती.

तर या मागांनी त्याचे कान कधीच खाऊन टाकले होते. पण त्याच्या गल्लीत सगळीच माणसं मागावरची. सगळीच मोठ्यानं बोलायची. शालनचा आवाज तर एवढा तयार झाला होता, की ती कानात गुपित सांगायला लागली की दोन घरांपलीकडची माणसं कान टवकारायची. त्यामुळं आपल्याला ऐकू येत नाही हे जोतीरामला ठाऊकच नव्हतं. त्याचं मत निराळं होतं. आजकाल माणसं तोंडातल्या तोंडात बोलायला लागली आहेत, असं त्याचं मत होतं.

एकदा काय झालं, दवाखान्यात त्याच्या आधी बुद्धभूषण सरवदेचा नंबर होता. बुद्धभूषण शेजारच्याच गल्लीतला. पाटबंधारे खात्यात कारकून, गळ्यात कायम ऑफिसचं ओळखपत्र, पोटात कायम जळजळ. तो आत गेला तो बाहेर येईना. दार अर्धवट उघडं होतं. जोतीराम बघत राहिला. डॉक्टर कागदावर पिशवीसारखं काहीतरी काढून दाखवत होते. बुद्धभूषण त्यावर बोट ठेवून काहीतरी विचारत होता. मग डॉक्टर हसले. मग दोघंही हसले.

जोतीराम आत गेल्यावर नेहमीचं झालं. पट्टा, फुसफुस, शालनची कैफियत, चिठ्ठी. बाहेर.

त्या संध्याकाळी त्यानं बुद्धभूषणला गाठलं. "तू काय खाऊ घालतोस रं डॉक्टरला? आमाला बघून हसत न्हाय त्यो."

बुद्धभूषणनं प्रश्न मनावर घेतला. तो कुठलाही प्रश्न मनावर घ्यायचा, जळजळ त्यामुळंच होती. "काका, डॉक्टर माणूस बघून बोलतात," तो गल्लीतल्या मोठ्या पट्टीत म्हणाला. "मी पूर्वी घरच्या कपड्यांत जायचो, तेव्हा 'ही गोळी जेवणाआधी' एवढंच म्हणायचे. ऑफिसातनं परस्पर जायला लागलो, ओळखपत्र दिसलं, तसं 'बसा' म्हणायला लागले. आणि दुसरं म्हणजे मी प्रश्न विचारतो. विचारलं की सांगावंच लागतं. तुम्ही गप्प बसता, काकू बोलतात, मग ते काकूंशी बोलतात. चूक कुणाची?"

"मग काय करावं म्हणतोस?"

"एकटे जा. इस्त्रीचा शर्ट घाला. खिशाला पेन लावा. आणि तीन प्रश्न पाठ करा. एक, हे मला कशामुळं झालं? दोन, गोळीशिवाय दुसरा काही उपाय आहे का? तीन, या गोळीचे साइड इफेक्ट काय?"

जोतीरामनं तीन प्रश्न पाठ केले. अंघोळ करताना म्हटले, सायकलीवरनं जाताना म्हटले. तिसऱ्याचा 'साईट इफेक्ट' झाला तो झालाच. शालनला त्यानं सांगितलं, की पुढल्या वेळी मी एकटा जाणार. तिला वाईट वाटलं, पण ते तिनं "जावा की, मला काय दुसरी कामं न्हाईत व्हय" असं म्हणून झाकलं.

ठरलेल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून हत्तुरे डॉक्टरांसमोर बसला. डॉक्टरांनी सवयीनं बाकड्याकडं बघितलं. बाकडं रिकामं होतं. त्यांनी हळू आवाजात काहीतरी विचारलं. जोतीरामनं घसा खाकरला आणि पहिला प्रश्न शेडच्या पट्टीत टाकला.

"हे मला कशामुळं झालं?"

बाहेर बसलेल्या पेशंटांनी माना वर केल्या. डॉक्टर दचकले, पण लगेच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा स्वतःच्या तब्येतीविषयी बोलत होता. त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढं ओढली आणि मन लावून, सविस्तर, नेहमीपेक्षाही हळू आवाजात समजावून सांगायला सुरुवात केली.

जोतीरामला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण डॉक्टर बोलताना हात हलवत होते आणि हात वाचायला तो कुणाच्या बापाला हार गेला नव्हता. डॉक्टरांनी मूठ धरली आणि ती दाबत, सोडत, दाबत, सोडत दाखवली. जोतीराम समजला. धार काढणं. म्हशीचं दूध.

"व्हय," तो म्हणाला आणि दुसरा प्रश्न टाकला. "गोळीशिवाय दुसरा काय उपाय हाय का?"

डॉक्टर आणखी खूश झाले. त्यांनी दोन बोटं टेबलावर उभी केली आणि ती तुरुतुरु चालवत काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नेली. जोतीराम क्षणभर बुचकळ्यात पडला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आजोळी, वळसंगच्या ओढ्यात लहानपणी त्यानं हे शेकड्यांनी धरले होते. खेकडा.

मग डॉक्टरांनी अंगठा आणि बोट जुळवून चिमूट दाखवली. एवढीशीच, अशी मान हलवली. तंबाखू चालेल, पण चिमूटभर. जोतीरामच्या मनात डॉक्टरांविषयी एकाएकी माया दाटून आली. शालननं त्याची तंबाखू सोडवून बरीच वर्षं झाली होती. शेवटी डॉक्टरांनी अंगठा तोंडाकडं नेला आणि भरपूर, भरपूर, असा हात केला. यावर मात्र जोतीराम चपापला. शेडमध्ये या खुणेचा अर्थ एकच होता आणि तो पगाराच्या संध्याकाळी लागू व्हायचा. एवढा सज्जन माणूस असं कसं सांगतो, ते त्याला कळेना. ही गोष्ट आपल्या दोघांत ठेवायची, असं त्यानं ठरवलं.

साईट इफेक्टचा प्रश्न विचारून, त्याचंही भरघोस उत्तर घेऊन, तो ताठ मानेनं बाहेर पडला. डॉक्टर दारापर्यंत सोडायला आले. सिद्धम्मा बघतच राहिली.

"काय म्हणालं डॉक्टर?" शालननं उंबऱ्यातच विचारलं.

"खेकडा खायला सांगितलाय."

शालननं त्याच्याकडं नीट बघितलं. "ते लिंगायत हायत. अंडंसुदिक बघत न्हाईत आन् तुमाला खेकडा सांगत्यात?"

"औषधाला कसलं आलंय शाकाहारी? रोज सांगितलाय. आन् म्हशीचं दूध, धारेचं." तंबाखूचं त्यानं जरा थांबून, दुसरीकडं बघत सांगितलं. चौथ्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

शालनला हे पटलं नाही. पण डॉक्टर बोलले आणि ते ह्यांच्याशी बोलले, ही गोष्ट एवढी मोठी होती, की तिच्यावर शंका घ्यायचं तिच्या जिवावर आलं. नवरा दोन दिवस शीळ घालत फिरत होता. तिनं वळसंगला भावाला फोन लावला.

भाऊ हणमंत शेतकरी माणूस. त्याच्या रानाला लागून ओढा, ओढ्याला खेकडे मुबलक. "दाजींना डॉक्टरनं सांगितलं असंल तर मग बघायचंच काम न्हाय," असं म्हणून तो दुसऱ्याच दिवशी मोटरसायकलला डबा अडकवून हजर झाला. शालननं सुकं खोबरं भाजून, काळा मसाला घालून असा रस्सा केला, की वास कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत गेला.

वासामागनं बुद्धभूषण आला. खेकड्याची हकिगत ऐकून तो गंभीर झाला. त्यानं लगेच मोबाइल काढून शोधलं. खेकड्याचे फायदे सांगणारा एक माणूस त्याला सापडला, मागं समुद्राचं चित्र होतं, आणि तो छातीठोकपणे कॅल्शियमविषयी बोलत होता.

"बरोबर आहे काका," बुद्धभूषण म्हणाला. मग त्यानं मोबाइल खिशात टाकला. "मला नाही सांगितलं त्यांनी."

"तू इचारलं नसशील नीट," जोतीराम म्हणाला.

हे बुद्धभूषणला लागलं. त्याच रात्री त्यानं एक वाटी रस्सा मागून नेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं पाककृती विचारली. गल्लीत बीपी कुणाला नव्हतं? बघता बघता हत्तुरे डॉक्टरांचा खेकडा घराघरांत गेला. कुणी म्हणालं यानं शुगर उतरते, कुणी म्हणालं गुडघे मोकळे होतात. हणमंत एक दिवसाआड फेऱ्या मारायला लागला. ओढ्यावर त्यानं भाच्या-पुतण्यांची फौज लावली. वळसंगमध्ये बातमी पोचेपर्यंत डॉक्टर मुंबईचे झाले होते.

जोतीराम दोन्ही वेळा रस्सा ओरपत होता, वर पेलाभर दूध पीत होता आणि दुपारी ओट्यावर बसून, शालनच्या डोळ्यांदेखत, डॉक्टरांच्या परवानगीनं चिमूटभर तंबाखू मळत होता. इतक्या सुखाचं आजारपण त्याला पूर्वी कधी आलं नव्हतं.

मग एका सकाळी त्याचा उजव्या पायाचा अंगठा टमाट्यासारखा लाल होऊन सुजला. पाय टेकवेना. चादर लागली तरी कळ, पंख्याचा वारा लागला तरी कळ. शालननं हळद लावायला हात पुढं केला तेव्हा तो असा ओरडला, की मागल्या गल्लीतल्या कुत्र्यांनी उत्तर दिलं.

"खेकडा कमी पडत असंल," हणमंत म्हणाला. तो नुकताच डबा घेऊन आला होता.

"दवाखान्यात चला," शालन म्हणाली. "आन् आता मी आत येणार."

रिक्षा मिळेना. शेवटी हणमंतच्या मोटरसायकलवर तिघं बसली. पुढं हणमंत, मधे जोतीराम, उजवा पाय रस्त्याकडं आडवा काढलेला, मागं शालन आणि तिच्या मांडीवर ओल्या पोत्यानं झाकलेला खेकड्यांचा डबा. डबा घरी ठेवायला हणमंत तयार नव्हता. एवढं मोठं औषध सांगणाऱ्या माणसाकडं रिकाम्या हातानं कसं जायचं, असं त्याचं म्हणणं. सिग्नलला उभ्या राहिलेल्या एका बसमधली माणसं त्या अंगठ्याकडं वाकून बघत होती.

दवाखान्यात सिद्धम्मानं पाय बघितला आणि नंबर न लावता आत सोडलं. हत्तुरे डॉक्टर अंगठा बघायला वाकले, तोंडानं चकचक केलं आणि शालनकडं वळून काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालं?" जोतीरामनं विचारलं.

"युरिक ॲसिड वाढलंय म्हणत्यात. खाण्यात काय आलं म्हणून इचारत्यात."

"तुमी सांगितलेलंच की, साहेब," हणमंत पुढं होऊन म्हणाला. "आन् तुमच्यासाठी पन आनलंय." त्यानं डबा टेबलावर ठेवला आणि पोतं बाजूला केलं.

डॉक्टर हत्तुरेंनी डब्यात डोकावून बघितलं. डब्यातनं काहीतरी त्यांच्याकडं डोकावून बघत होतं. ते एकदम मागं सरकले, खुर्ची टेबलाला लागली, टेबल हललं आणि डबा आडवा झाला. खेकडे चिठ्ठ्यांवरनं, थर्मामीटरवरनं, औषध कंपनीच्या कॅलेंडरवरनं चारी दिशांना निघाले. एक मोठा नर नांगी वर करून थेट डॉक्टरांच्या दिशेनं आला.

आणि तेव्हा, दवाखाना उघडल्यापासून पहिल्यांदा, हत्तुरे डॉक्टर ओरडले.

"तगी, तगी, तगी. सिद्धम्मा, मदलं तगी इदन्न." काढ हे आधी, असं कन्नडमधून ओरडत ते तपासणीच्या स्टुलावर चढले होते. "अहो हे काय आणलंय? कुणी सांगितलं तुम्हाला हे खायला?"

जोतीरामच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. अंगठा ठणकत होता, पायाखालनं खेकडे चालले होते, पण त्याला एकेक शब्द लख्ख ऐकू आला होता.

"तुमीच की साहेब," तो म्हणाला.

"मी? मी कधी सांगितलं?"

"मागल्या टायमाला. मी इचारलं, गोळीशिवाय उपाय काय, तर तुमी असं केलं." त्यानं दोन बोटं खुर्चीच्या हातावर तुरुतुरु चालवली.

"अहो ते चालायला सांगितलं होतं. रोज अर्धा तास चाला म्हणून."

"मग असं मोठ्यानं सांगायचं की," जोतीराम म्हणाला. "आता कसं नीट बोलताय."

बाहेर बाकावरच्या पेशंटांनी पाय वर घेतले होते. सिद्धम्मा आत आली, पदर खोचला आणि एकेक खेकडा मागनं पाठीला धरून डब्यात टाकायला लागली. हणमंत गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात घालत होता आणि "ह्यो चांगला पोसलाय," असं पुटपुटत होता. शेवटचा खेकडा वजनकाट्यावर सापडला. मग डॉक्टर खाली उतरले, कपाळ पुसलं, डबा बाहेर न्यायला लावला आणि खुर्चीत बसून जोतीरामकडं बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांनी केस पेपर उचलून तोंडासमोर धरला आणि त्याआडून नेहमीच्या आवाजात विचारलं, "तुम्हाला नीट ऐकू येतं का?"

"व्हय," जोतीराम म्हणाला.

"तुमचं नाव हणमंत का?"

"व्हय."

"तुम्ही विमान चालवता का?"

"व्हय," जोतीराम म्हणाला आणि चांगलं दिसावं म्हणून पुढं जोडलं, "रोज."

शालननं तोंडाला पदर लावला. आधी तिला हसू आलं आणि मग ते मधेच कुठंतरी अडकलं. एवढी वर्षं ती ह्यांच्या वतीनं बोलत होती. ह्यांना प्रश्नच पोचत नाही, हे तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला. त्याची दोन टोकं जोतीरामच्या कानांत घातली, दुसऱ्या टोकाची चकती स्वतःच्या तोंडाजवळ धरली आणि हळूच म्हणाले, "जोतीराम."

जोतीराम खुर्चीत ताठ झाला. कुणीतरी त्याच्या डोक्याच्या आत बसून हाक मारल्यासारखी ती हाक आली होती.

"मला वाटायचं, तुम्ही सगळं ऐकणारे पेशंट आहात," डॉक्टर चकतीत म्हणाले. "मी कधी तपासलंच नाही. माझं चुकलं."

"मला वाटायचं, अडाणी म्हणून तुमी बोलत न्हाय," जोतीराम म्हणाला.

डॉक्टरांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग ते चकतीत म्हणाले, "विचारा आता."

"खेकडा?"

"बंद. मटण, मासेही काही दिवस बंद."

"म्हशीची धार?" जोतीरामनं मूठ दाबून दाखवली.

"ते हृदय होतं. हृदय रक्त कसं ढकलतं, ते दाखवत होतो."

जोतीरामनं शालनकडं न बघता चिमूट दाखवली.

"मीठ. एवढंसंच."

"तंबाखू न्हाय?"

"अजिबात नाही."

शालनला चकतीतलं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा पडलेला दिसत होता, त्यावरनं तिनं ओळखलं आणि समाधानानं मान हलवली. जोतीरामनं जरा घुटमळून, आवाज खाली आणत, अंगठा तोंडाकडं नेला.

"पाणी," डॉक्टर म्हणाले. "भरपूर पाणी प्या."

"बरं झालं," जोतीराम सुटकेचा श्वास टाकून म्हणाला. "हे मी घरी सांगितलंच न्हवतं." त्याचा खाली आणलेला आवाज सिद्धम्माच्या टेबलापर्यंत नीट पोचला.

"काय सांगितलं न्हवतं?" शालननं विचारलं. पण जोतीरामच्या कानांत नळ्या होत्या.

अंगठा आठवड्यात उतरला. गल्लीला आवरायला जास्त वेळ लागला. डॉक्टरांनी खेकडा सांगितलाच नव्हता हे कुणी ऐकून घेईना. दोन बायकांना तर त्यानं खरोखरच आराम पडला होता. बुद्धभूषण पोट धरून दवाखान्यात गेला आणि त्यानं इतके प्रश्न विचारले, की शेवटी सिद्धम्मानं आत येऊन घड्याळाकडं बोट केलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो जोतीरामला तोंड चुकवून जात होता. हणमंतचा मात्र तोटा झाला नाही. त्याला आठवडी बाजारात गिऱ्हाईक लागलं होतं.

हत्तुरे डॉक्टरांनी जोतीरामला कानाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तिथून कानामागं बसणारी छोटी मशीन मिळाली. पहिले काही दिवस जोतीराम वैतागला. भांडी एवढी वाजतात, चप्पल एवढी फटफटते, शेजारची म्हातारी दिवसभर अशी खोकते, हे त्याला नवीन होतं. टीव्हीचा आवाज कमी झाला तेव्हा गल्लीतल्या लोकांना चुकल्यासारखं झालं.

त्यानंतर नवराबायको बीपी तपासायला गेली. शालन सवयीनं बाकड्यावर बसली. डॉक्टरांनी विचारलं, "काय जोतीराम, कसं काय?"

शालननं तोंड उघडलं, पण तिच्या आधी जोतीराम बोलला. झोपेचं बोलला, चालण्याचं बोलला, गोळी घेतली की दुपारी तोंड कोरडं पडतं, ते बोलला. डॉक्टरांनी विचारलेलं त्यानं ऐकलं, उत्तर दिलं, एकदा तर "तसं न्हाय साहेब" असंही म्हणाला. डॉक्टर हसले. शालन पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली होती. तिच्याकडं आज कामच नव्हतं.

चिठ्ठी लिहून झाल्यावर डॉक्टर बाकड्याकडं वळले. "आणि तुमचं काय?"

शालननं मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

"माझं?" ती म्हणाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांची, नवऱ्याची, लेकीची, भावाच्या बैलाचीसुद्धा दुखणी जिला पाठ होती, त्या बाईला स्वतःचं एकही आठवेना. "व्हय," ती म्हणाली. "बरं हाय की."

"बरं न्हाय," जोतीराम म्हणाला. "पहाटं उठताना कमरंला हात लावून उठती. 'आई गं' म्हणती. मला वाटायचं गपचिप उठती. आता ऐकू येतंय."

शालन त्याच्यावर डोळे वटारून बघत होती. डॉक्टरांनी खुर्चीकडं हात केला. जोतीराम उठला, मशीन कानामागं नीट बसवली आणि बाकड्यावर जाऊन बसला.

"बस तितं," तो म्हणाला. "आन् साहेब, तिला जरा सविस्तर इचारा. एका शब्दात उत्तर देती ती."